चढावरल्या माणसाला पत्र

मुखेडला बाईंच्या घरी मी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला भाड्याचं, खाण्यापिण्याचं, लग्नाचं काहीच विचारलं नाही. पांढऱ्या सुताच्या साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, चष्म्याच्या वरून मला एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडं काही चांगली खबर हाय का?"

मी गोंधळले. म्हटलं, "इथल्या कॉलेजात मला गणित शिकवायची नोकरी लागली."

"कधी लागली?"

"मागच्या महिन्यात."

"मंग ती शिळी झाली. या आठवड्यातली सांग."

लातूरहून बॅग उचलून आलेली मी, घामाघूम, पोटात सकाळपासून एक केळं. चांगली खबर कुठून आणणार? तरी डोकं खाजवून सांगितलं की येताना एसटीत पहिल्या थांब्यापासून खिडकीची जागा मिळाली. बाईंनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "चालंल. लिहिते," म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलेलं आहे. जागा मात्र हवेशीर होती, म्हणून राहिले.

शनिवारी उलगडा झाला. संध्याकाळी पाच वाजता बाई ओट्यावर चटई टाकून बसल्या, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. आणि गल्लीतली माणसं एकेक करून येऊ लागली. समोरचे गादीवाले करीमचाचा, त्यांची मुलगी शबाना, कोपऱ्यावरचे किराणावाले शेटजी, एसटीतले कंडक्टर मामा. प्रत्येकानं यायचं आणि आठवड्यातली एक चांगली खबर सांगायची. बाई ती मोठ्यानं म्हणत म्हणत कागदावर उतरवायच्या. पत्र जायचं त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, संजूला. संजू सैन्यात कॅप्टन होता. ते वर्ष लढाईचं होतं आणि तो वर, बर्फाच्या डोंगरात, अगदी पुढच्या ठाण्यावर होता. पाकिटावर गावाचं नावच नसायचं, नुसता एक आकडा. त्या आकड्याकडे बघून कंडक्टर मामा दर वेळी म्हणायचे, "ह्या गावाला आपली गाडी जात न्हाई."

बाई जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा पाटबंधारे खात्यात होता, तो संजूच्या सैनिकी शिक्षणाच्या काळातच गेला. त्याच्या आजारपणाचं पत्र पोराला मिळालं तेव्हा इकडे सगळं आटोपलेलं होतं, आणि पोरगा बाप जिवंत आहे असं समजून दोन दिवस रेल्वेत बसून आला. तेव्हापासून बाईंचा नेम ठरला. "वाईट खबर पत्रातनं पोचते तवा ती जुनी झालेली असती. माणूस मात्र नव्यानं रडतो. चढावरल्या माणसाच्या पाठीवर आपलं ओझं टाकायचं न्हाई."

एवढ्यावर भागलं असतं तर बाई चारचौघींसारख्याच ठरल्या असत्या. कुठलीही आई लेकाला सगळं ठीक आहे असंच लिहिते. पण बाई रोज सकाळी बुद्धाच्या फोटोसमोर बसून पंचशील म्हणायच्या, आणि नुसतं म्हणायच्या नाहीत. चौथ्या शीलापाशी, "मुसावादा वेरमणी" म्हणजे खोटं बोलणार नाही म्हणताना, त्यांचा आवाज जरा चढायचा, वर्गात हजेरी घेताना चढावा तसा. वाईट लिहायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही. मग उरतं काय? उरते ती खरी चांगली खबर. आणि ती नसेल तर?

"नसंल तर घडवायची," बाई म्हणायच्या. "खबर काय झाडाला लागती का?"

या एका वाक्यापायी गल्लीचा जो छळ झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. कंडक्टर मामा आणि शेटजी यांचं मोरीच्या पाण्यावरून बरीच वर्षं वैर होतं. मामांची मोरी शेटजींच्या दारातून वाहायची. एका शुक्रवारी बाई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "उद्या पत्र लिहायचंय. मला लिहायचंय की भांडण मिटलं. संध्याकाळपर्यंत मिटवा."

"बाई, असं कसं मिटंल एका दिवसात?"

"लढाई चालू हाय तिकडं. त्याला तरी कुठं फुरसत हाय?"

दुसऱ्या दिवशी दोघंही पाच वाजता हजर. "मिटलं," म्हणाले, एकमेकांकडे न बघता. बाईंनी पेन खाली ठेवलं. "लिहायपुरतं मिटलेलं मला चालत न्हाई. मुसावादा व्हतंय. आधी एकमेकांच्या घरी चहा पिऊन या." गेले बिचारे. शेटजींच्या घरी मामा चहा प्यायले, मामांच्या घरी शेटजी. साखर कुठं जास्त होती यावर परत थोडं वाजलं, पण त्या आठवड्यात मोरीला पाइप बसला. आमच्या गल्लीत जी काही सुधारणा झाली तिच्यात नगरपालिकेचा वाटा काडीचाही नाही, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

माझीही सुटका झाली नाही. दर शनिवारी मी सांगून सांगून काय सांगणार? पोरं गणितात नापास होत होती. एकदा बोलण्याच्या ओघात मला सायकल येत नाही असं तोंडातून गेलं आणि बाईंचे डोळे चमकले. "येत न्हाई? मंग शिक की!" आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसला की मोकळं असायचं. तिथं शबाना सायकलची सीट धरून माझ्यामागं पळायची आणि करीमचाचा गादीच्या कापसानं पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून ओरडायचे, "नीचे कायकू देखते मॅडम? सामने देखो! जमीन कहीं नहीं जाती!" सव्वीस वर्षांची मी, कॉलेजात मॅडम म्हणवून घेणारी, कधीही न पाहिलेल्या एका कॅप्टनसाठी गुडघे फोडून घेत होते. बाईंनी पत्रात लिहिलं, "मॅडम सायकल शिकल्या. दोनदा पडल्या." मी हरकत घेतली. पडणं ही चांगली खबर कशी? तर म्हणाल्या, "पडून उठलेलं चालतं. तिथली पोरं हसतील जरा."

तिथली पोरं खरंच हसत होती. संजूचं उत्तर यायचं तीन ओळींचं. मी ठीक आहे, थंडी आहे, सर्वांना जयभीम आणि सलाम. बाई ते ओट्यावर मोठ्यानं वाचायच्या, पालथं करून मागची कोरी बाजू बघायच्या आणि करवादायच्या, "हे पत्र हाय का तार?" पण खाली एक जादा ओळ असायची आणि तीच आम्हा सगळ्यांना हवी असायची. संजू आमच्या गल्लीचं पत्र आपल्या तुकडीला हिंदीतून सांगायचा आणि त्याच्याबरोबरच्या एका पहाडी हवालदाराला त्याची गोडी लागली होती. त्याचे प्रश्न यायचे. हवालदार विचारतो, मोरीचा पाइप गळत तर नाही ना? हवालदार विचारतो, मॅडम आता उतारावर ब्रेक लावतात का? त्या बर्फात कुणीतरी माझ्या ब्रेकची काळजी करतंय, हे ऐकून पहिल्यांदा मला रडू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उतारावरून सायकल नेली.

मग शेटजींची म्हैस मेली. गल्लीनं श्वास रोखला, कारण म्हैस पत्रात आधीच येऊन गेली होती. बाई तिच्याबद्दल गप्प बसल्या. न लिहिणं म्हणजे काही खोटं नाही. पण पुढच्याच उत्तरात हवालदाराची चौकशी आली, म्हैस दूध किती देते? सरळ प्रश्न! बाई आठवडाभर अस्वस्थ. शेवटी शेटजी बाऱ्हाळी गावाहून दुसरी म्हैस घेऊन आले. "सैन्याच्या पायी म्हैस आणून राहिलो मी," म्हणाले. बाईंनी लिहिलं, "शेटजींच्या दारात म्हैस आहे. दोन्ही वेळ दूध देते." अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी त्या मला म्हणाल्या, "पोरी, हे मला बरं वाटलं न्हाई. शब्द खरे हायेत, पण खबर खोटी हाय."

त्या वेळी मला हसू आलं. म्हशीवरून एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

बाई टीव्हीवरच्या बातम्या बघत नसत. संध्याकाळी शेटजींच्या दुकानात त्या बातम्यांना गर्दी व्हायची. कुठलं शिखर घेतलं, किती गेले. बाई त्या वेळी आत बसून तांदूळ निवडायच्या. "तिथं सगळ्यांच्या पोरांची खबर एकदम सांगतात. मला माझ्या एकाची पायजे." तांदूळ कितीदा तेच ते निवडायच्या हे मी बघत होते. आणि एक गोष्ट बघत होते. त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. वाळत घातलेली साडी काढायला त्या मला हाक मारायच्या. एकदा मी आडून न विचारता सरळच विचारलं.

"काखेजवळ गाठ हाय," त्या म्हणाल्या, जशी काही गाठ साडीच्या पदराला होती.

"कधीपासून?"

"हाय. लढाई संपू दे, मंग दाखवू."

"लढाईचा आणि गाठीचा काय संबंध?"

बाईंनी मला शाळेतल्या ढ मुलीला समजवावं तसं समजावलं. "हे बघ. डॉक्टरला दाखवलं आन् त्यानं वाईट काही सांगितलं, तर ते मला ठावं व्हईल. ठावं झालं की लपवावं लागंल. ठावंच नसलं तर लपवायचं कशाला? म्हणून दाखवतच न्हाई."

मी गणित शिकवते. इतका बिनचूक आणि इतका मूर्ख तर्क मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. मी भांडले, चिडले, दोन दिवस बोलले नाही. बाईंनी मला त्या दोन दिवसांत भाजी जास्त दिली, बाकी काही बदललं नाही.

मग संजूचं ते पत्र आलं. बाई नेहमीसारख्या ओट्यावर मोठ्यानं वाचू लागल्या. मी ठीक आहे. थंडी आहे. सर्वांना जयभीम आणि सलाम. आणि मग, "आई, सगळ्या गल्लीचं कळतं, तुझं काहीच कळत नाही. तुझी तब्येत कशी आहे? खरं सांग."

शेवटची ओळही सगळ्यांनी ऐकली होती. बाईंनी कागदाची घडी केली आणि त्या आत गेल्या. त्या शनिवारी पत्र गेलं नाही. पुढच्याही नाही. मी आल्यापासून ही पहिलीच वेळ होती. माणसं पाच वाजता यायची, ओट्यावर बसायची आणि उठून जायची. शबाना बारावीला तालुक्यात पहिली आली होती, एवढी मोठी खबर, पण ती सांगायची कुणाला?

करीमचाचांनी तोड काढून पाहिली. "बाई, लिख डालो ना जी, अच्छी है करके. अल्ला माफ करेगा."

"अल्ला करंल हो चाचा. मी न्हाई करणार."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "बाई, गल्लीला तुम्ही एवढं राबवलं. भांडणं मिटवायला लावली, म्हैस आणायला लावली, मला या वयात सायकलवर बसवलं. आता तुमची पाळी. बरी आहे असं लिहायचंय ना? मग बऱ्या व्हा. या आठवड्याची खबर आम्हाला तुमच्याकडून पाहिजे. खबर काय झाडाला लागते का?"

बाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग करीमचाचांकडे पाहिलं, शेटजींकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना हलत होत्या. "पोरगी वर्गात बी अशीच वरडती का?" एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर मामांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, खिडकीशी बसून त्या माझ्याबरोबर नांदेडला आल्या.

डॉक्टरांनी गाठ बघितली आणि उशीर केल्याबद्दल बाईंना खडसावलं. तीस वर्षं दुसऱ्यांना खडसावत आलेल्या बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट यायला वेळ होता. गल्लीनं आळीपाळीनं नांदेड गाठलं. शबानाची आई डबा घेऊन यायची, शेटजींनी नव्या म्हशीचं दूध किटलीतून पाठवलं, कंडक्टर मामा ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच दवाखान्यात येऊन उभे राहायचे. बाई सगळ्यांना विचारायच्या एकच, "टपाल?"

टपाल नव्हतं. आमचं पत्र जाईना तसं संजूचंही येईना. तिकडे लढाई ऐन भरात होती, हे टीव्ही न बघताही सगळ्यांना माहीत होतं. मी घाबरले होते. बाईच मला धीर द्यायला लागल्या. "येईल. आत्ता त्याच्याकडं चांगली खबर नसंल. चांगलं असल्याबिगर तो लिहायचा न्हाई. माझाच पोरगा हाय शेवटी."

बोलून गेल्या आणि थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनी ऐकलं असावं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी कंडक्टर मामा दुपारच्या गाडीनं आले ते जिना पळत चढून. हातात पाकीट होतं, त्यावर तोच आकडा, पण अक्षर परकं. बाईंनी ते हातात धरलं, पण त्यांना उघडवेना. "तू वाच," मला म्हणाल्या. पत्र हिंदीत होतं, मोडक्यातोडक्या, मोठ्या अक्षरांत. लिहिणारा तो पहाडी हवालदार.

त्यानं लिहिलं होतं की कॅप्टनसाहेबांच्या पायाला लागलं आहे. जिवाला धोका नाही, पाय शाबूत आहे, ते लष्कराच्या दवाखान्यात आहेत. स्वतः चालायला लागेपर्यंत घरी लिहायचं नाही असा त्यांचा हट्ट आहे. म्हणतात, आमच्या घरचा तसा नेमच आहे. माताजी, नेम तुमचा असेल, माझा नाही, म्हणून मी लिहितो. साहेब पायाचं दुखणं सोसतात. पण मुखेडहून पत्र येत नाही म्हणून ते जेवत नाहीत. तिकडे काही झालं का? जे झालं असेल ते लिहा. चांगलं नसलं तरी चालेल.

मी वाचायची थांबले. कंडक्टर मामांनी तोंड फिरवून टोपी काढली, पुसली, परत घातली. बाई छताकडे बघत होत्या. डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं, उजवा हात बांधलेला होता आणि डाव्यानं ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लई मोठी चूक झाली गं," त्या म्हणाल्या. "त्याच्या पाठीवरलं वझं कमी करायला गेले मी, आन् माझ्यापुढं कण्हायची बी चोरी करून ठिवली त्याला." मग नाक ओढलं. "कागद काढ."

रिपोर्ट अजून आला नव्हता. चांगली खबर एकही नव्हती. बाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं. अजून पाठ आहे मला ते.

"संजू, मला काखेजवळ गाठ होती. मी ती लपवून ठेवली. गेल्या आठवड्यात नांदेडला काढली. ती कसली आहे ते अजून कळलं नाही, म्हणून भीती वाटते. हात दुखतो. शेटजींची पहिली म्हैस मेली, आता आहे ती दुसरी. हवालदारांना सांग, त्यांनी माफ करावं. तुला लागल्याचं कळलं. तुझं दुखत असेल. मी तुझी आई आहे, बाई नाही. लिही."

शेवटी शबाना तालुक्यात पहिली आल्याचं लिहू का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "लिही, पण सगळ्यात खाली."

पुढं रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी निघाली, घरी जा आणि पुन्हा असला शहाणपणा करू नका. बाई मुखेडला परतल्या. हात हळूहळू वर जायला लागला. लढाई थांबली.

आता या सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. मी बदली होऊन किनवटला गेले, तिथून परत लातूरला आले, माझी मुलगी सायकल चालवते. संजूसाहेब निवृत्त होऊन मुखेडलाच राहतात, थंडीत जरा लंगडतात. बाईंनी ऐंशी पार केली, आणि शनिवारी पाच वाजता माझा फोन वाजतो. "बोल, काय खबर?" आता वाईटही चालते. फक्त आधी चांगली सांगावी लागते, आणि नसेल तर रविवारपर्यंत घडवून कळवावी लागते. मी अजूनही शुक्रवारी संध्याकाळी घाबरीघुबरी होऊन काहीतरी बरं करायला धावते, आणि मनातल्या मनात म्हातारीला शिव्या घालते.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो त्या पत्राच्या उत्तराचा दिवस. पाकीट जाड होतं. ही बातमी टपालाच्या आधी गल्लीत पोचली आणि शनिवार नसतानाही सगळे ओट्यावर जमले. बाईंनी पाकीट फोडलं. आत चार पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. आम्ही कान टवकारून बसलो. पण बाईंनी मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्यांदाच त्या मनातल्या मनात वाचत होत्या, ओठ हलवत, एक पान, दुसरं पान. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. करीमचाचांना राहवलं नाही. "क्या लिखा जी, बाई? खैरियत?"

बाईंनी मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि इतका आनंदलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, रिपोर्ट आला त्या दिवशीसुद्धा नाही.

"लई दुखतंय म्हणतो," त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. "रात रात झोप न्हाई म्हणतो. रडलो म्हणतो. समदं लिहिलंय पोरानं!"